रेडिओ स्वतःलाच ऐकून राहिला तर? डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरची हूं-हूं अन् फाटका आवाज

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला तो हातात एक फळकुट घेऊनच आला. त्यावर तांब्याचा पत्रा, चार डायोड, हातानं गुंडाळलेल्या दोन-तीन कॉइल, आवाज वाढवायची एक एलएम३८६ चिप अन् जुन्या ट्रान्झिस्टरमधून काढलेला स्पीकर. "मामा, चाळीस मीटरचा रिसीव्हर बनवला, हॅमवाले बोलते ते ऐकू येते म्हणे." हॅम म्हणजे लायसन्स घेऊन रेडिओवर आपसात बोलणारे हौशी लोक, अन् चाळीस मीटर म्हणजे त्यांचा ७ मेगाहर्ट्झचा पट्टा. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, व्हिडिओ पाहून पाहून जोडलेला. स्लॅबवर वायर ताणली, चार्जर लावला अन् स्पीकरमधून जे निघालं ते हॅमवाले नव्हते, ते होतं नुसतं हूंऽऽऽ, डीपीजवळ उभं राहिल्यासारखं. त्या हूंच्या मागं बारीक आवाजात नागपूर आकाशवाणी, अन् डायल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, नागपूर जागचं हलत नाही. पोरगं तोंड पाडून बसलं, म्हणे "मामा, हे काहून असं करून राहिलं?"

माझं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं, त्यामुळं हा प्रश्न मला नवा नाही. पण आजकाल पोरं ऑनलाइन किट मागवतात, एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा रेडिओ) घेतात, अन् तोच प्रश्न फिरून फिरून येतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. आणि हे फक्त हौशी लोकांपुरतं आहे असं समजू नका, तुमच्या खिशातल्या मोबाइलमधला रिसीव्हर बहुतेक याच जातीचा आहे.

आधी, हा रिसीव्हर करतो काय

विहिरीवर डिझेल इंजिन असायचे तेव्हाची गोष्ट आठवा. शेजारशेजारच्या शेतात दोन इंजिन जवळजवळ एकाच चालीत चालत असले की आवाज मधूनच चढायचा, मधूनच उतरायचा, वाऽव-वाऽव असा झोका. एक इंजिन सेकंदाला ६ ठोके टाकते अन् दुसरं ७, तर झोका सेकंदाला एक. दोघांच्या चालीतला फरक आपल्याला ऐकू येतो.

रेडिओत तेच करायचं असतं. हवेतून येणारा सिग्नल सेकंदाला ७१ लाख वेळा हलतो, कानाला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून रेडिओच्या आतच एक छोटंसं इंजिन ठेवतात, त्याला लोकल ऑसिलेटर म्हणतात, मी इथून पुढं नुसतं ऑसिलेटर म्हणेन. ते ७० लाख ९९ हजारवर चालवलं की फरक उरला १०००, अन् १००० तर शिट्टीसारखं ऐकू येते. हा फरक काढून देणारा भाग म्हणजे मिक्सर. नुसती बेरीज करून जमत नाही, तो दोघांचा गुणाकार करतो, पण ते गणित इथं सोडून देऊ.

नेहमीच्या रेडिओत, म्हणजे सुपरहेटमध्ये (आर्मस्ट्राँगनं १९१८ मध्ये काढलेली युक्ती), हा फरक आधी ४५५ किलोहर्ट्झ वगैरे ठेवतात, तिथं चांगला गाळून घेतात अन् मग त्याचा आवाज बनवतात. डायरेक्ट कन्व्हर्जनमध्ये मधला मुक्कामच नाही, डायरेक्ट आवाज. सामान कमी, जोडायला सोपं. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस हेवर्ड अन् डिक बिंगहॅम यांनी अमेरिकेतल्या क्यूएसटी मासिकात असा सेट छापला अन् तेव्हापासून जगभरचे हॅम हेच बनवत आले.

पण मधला मुक्काम काढला की त्याचा खर्च दुसरीकडं भरावा लागतो. अशा रिसीव्हरमध्ये आवाज मोठा करायचं जवळपास सगळं काम मिक्सरच्या पुढं, ऑडिओत होते, एक लाख पट वगैरे. एक लाख पट म्हणजे काय, तर मिक्सरनं एक मायक्रोव्होल्टचीही चूक केली तर ती स्पीकरवर एक दशांश व्होल्ट होऊन बसते. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढचे सगळे लफडे हिच्यापासूनच निघतात.

पासंग

ऑसिलेटर मिक्सरला साधारण ५ मिलिवॅट देतो, म्हणजे ५० ओहमवर अर्धा व्होल्ट. अन् ॲन्टेनातून येणारा दणदणीत सिग्नल म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट, दहा हजार पट कमी! आता मिक्सर कितीही चांगला असला तरी ऑसिलेटरचा थोडा भाग उलटा ॲन्टेनाकडं गळतो. शंभरातला एक भाग जरी गळला तरी तो ५ मिलिव्होल्ट, त्या दणदणीत सिग्नलच्याही शंभर पट.

सुपरहेटमध्ये ही गळती झाली तरी ती रेडिओला ऐकू येत नाही, कारण त्याचा ऑसिलेटर वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतो. इथं मात्र ऑसिलेटर अन् ऐकायची जागा एकच. रेडिओ आपल्याच आवाजावर ट्यून झालेला.

गळालेला भाग परत मिक्सरमध्ये आला तर फरक निघतो शून्य, म्हणजे नुसता एक स्थिर व्होल्टेज, डीसी. कापूस मोजायच्या काट्याला जसा पासंग असतो ना, पारड्यात काहीच नाही तरी काटा एकीकडं झुकलेला, तसाच हा. ऐकायच्या रेडिओत मधात एक कपॅसिटर टाकला की पासंग तिथंच अडतो, काही बिघडत नाही. एसडीआर वापरणाऱ्यांना मात्र तो डोळ्यानं दिसतो, काही रिसीव्हरमध्ये स्क्रीनच्या बरोबर मधोमध एक उभी रेघ असते, ट्यूनिंग बदललं तरी ती मधातच. लोक विचारतात हे कोणतं स्टेशन? स्टेशन-बिशन काही नाही, तो रिसीव्हर स्वतः आहे. जुन्या ई४००० चिपवाल्या डोंगलमध्ये ही रेघ यायची, आर८२०टीवाल्यात येत नाही, कारण तो चिप डायरेक्ट शून्यावर आणतच नाही, थोडा बाजूला आणतो. तुमच्याकडं रेघ असेल तर ऐकायचं स्टेशन मधातून जरा बाजूला घ्या, झालं.

मग हूं-हूं कशाची?

स्थिर गळतीचा त्रास नाही म्हटलं, पण गळती बदलून परत आली तर?

विहिरीत तोंड घालून ओरडलं की आपलाच आवाज परत येतो. आता समजा कोणी तरी विहिरीवरचं झाकण सारखं उघड-बंद, उघड-बंद करून राहिलं, तर परत येणारा आवाजही तुटक-तुटक येईल. घरातली लाइट सेकंदाला ५० वेळा मागं-पुढं होते. चार्जरमध्ये, एलईडी बल्बमध्ये, टीव्हीत, सगळीकडं रेक्टिफायर डायोड असतात अन् ते या लाइटबरोबर सेकंदाला १०० वेळा उघडतात अन् बंद होतात. ऑसिलेटरचा गळालेला भाग ॲन्टेनातून, नाहीतर सप्लायच्या वायरमधून घरच्या वायरिंगमध्ये जातो, या डायोडवर आपटतो अन् परत येतो, सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत होत. मिक्सर इमानदारीनं त्याचा फरक काढतो, शंभर हर्ट्झ. ही ती हूं.

भाच्याचा पहिला संशय चार्जरवर होता, बरोबरच होता. चार्जर काढून बाइकच्या बॅटरीवर लावला, हूं निम्मी झाली, गेली नाही. तेवढ्यात लोडशेडिंग झालं अन् आवाज कापल्यासारखा बंद! गावात लाइट गेल्यावर खुश होणारे त्या रात्री आम्ही दोघंच असू. "म्हणजे लाइनच डायरेक्ट स्पीकरमध्ये घुसत होती ना मामा?" नाही. लाइट आल्यावर मी स्क्रूड्रायव्हरनं ऑसिलेटरची कॉइल शॉर्ट केली, ऑसिलेटर थांबला अन् हूंही थांबली. लाइन सरळ ऑडिओत घुसत असती तर ऑसिलेटर चालू असो नाहीतर बंद, ती हूं राहिलीच असती. ही टेस्ट लक्षात ठेवा, हजार रुपयाचं मीटर जे सांगत नाही ते ही टेस्ट सांगते. दुसरी खूण अशी, की ही हूं डायलवर काही ठिकाणी वाढते, काही ठिकाणी कमी होते. सरळ घुसलेली लाइन सगळीकडं सारखी असते.

मग गळती बंद कशी करायची

सगळ्यात आधी ॲन्टेना घरापासून दूर न्या. भाच्याची वायर रेडिओतून निघून सरळ खोलीतून, मीटरच्या डब्याजवळून स्लॅबवर गेली होती, म्हणजे विहिरीत तोंड घालूनच बसला होता तो. आम्ही ती अंगणातल्या निंबावर अन् गोठ्याच्या आढ्यावर ताणली अन् तिथून कोॲक्सियल केबल, तीच डिशची असते तशी, घरात आणली. केबलचे सात-आठ वेढे एका फेराइट रिंगमधून घेतले. रिंग कुठून आणायची? जुन्या कॉम्प्युटरच्या सप्लायमधल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंग मिळतात त्या नको, मॉनिटरच्या केबलवर जो काळा गोळा असतो तसा माल पाहिजे. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून जो करंट वाहतो तो या वेढ्यांत अडकतो. अर्धी लढाई इथंच जिंकता येते, लोक मात्र याला शेवटी हात लावतात.

दुसरं, डबा. उघड्या फळकुटावरचा रेडिओ दिसायला छान, पण ऑसिलेटर सगळीकडं बोंबलत सुटतो. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून ऑसिलेटरला वेगळी खोली केली, पत्र्याला सोल्डर मस्त लागते. सप्लायची वायर आत येते तिथं एक छोटी कॉइल अन् कपॅसिटर.

तिसरं, ॲन्टेना अन् मिक्सरच्या मधात एक छोटा आरएफ, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचा, ॲम्प्लिफायर, कॉमन बेसचा ट्रान्झिस्टर नाहीतर कॉमन गेटचा एफईटी (तोही ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार). इथं तो आवाज वाढवायला नाही, तो फूट व्हॉल्व्हसारखा आहे. पाणी वर येऊ द्यायचं, परत विहिरीत जाऊ द्यायचं नाही. सिग्नल आत येतो, ऑसिलेटर बाहेर जात नाही.

आणि ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय स्वतः बनवला असेल तर त्याच्या प्रत्येक डायोडवर १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाका. मग डायोड बंद असला तरी रेडिओ फ्रिक्वेन्सीला रस्ता उघडाच, झाकणाखाली कायमची पाचर ठोकल्यासारखं, उघड-बंद काही जाणवतच नाही. मोबाइलचा चार्जर मात्र खोलून त्यात हे करत बसू नका, तिथं २३० व्होल्ट आहे.

अजून एक भारी युक्ती रशियन हॅम व्लादिमिर पोल्याकोव्ह यांनी लोकप्रिय केलेली आहे, दोन डायोड उलटसुलट जोडून मिक्सर करायचा अन् ऑसिलेटर निम्म्या फ्रिक्वेन्सीवर चालवायचा. ७.१ मेगाहर्ट्झ ऐकायचं तर ऑसिलेटर ३.५५ वर. आता तो कितीही गळला तरी रेडिओ जिथं ऐकून राहिला तिथं तो नाहीच. मला विचाराल तर पहिला सेट बनवणाऱ्यानं हाच बनवावा.

टेबल ठोकला की टंग् वाजते ते?

तेही याच घरातलं. ऑसिलेटरची कॉइल हलली की गळती हलते, वर एक लाख पट गेन, म्हणजे वाढ, झालं घंटीचं मंदिर. कॉइलवर मेण ओता, वायर आखूड ठेवा. अन् भुक-भुक-भुक असा इंजिनसारखा आवाज येत असेल तर तो ऑडिओ सप्लायमधून मागं फिरून राहिला, पहिल्या ॲम्प्लिफायरच्या सप्लायला रेझिस्टर अन् शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

आता ते न हलणारं नागपूर

हूं गेली. नागपूर राहिलं. हा आजार एकदम वेगळा आहे, इथं ऑसिलेटरची काही चूक नाही.

लग्नातला भोंगा फुल केला की आवाज फाटतो, माहीत आहे. फाटतो म्हणजे काय होते? गाण्यात नव्हते असे सूर भोंगा स्वतः तयार करतो. मिक्सरचंही तसंच, त्याच्या झेपेपेक्षा मोठा सिग्नल आला की तो वाकडा वागतो, दोन फ्रिक्वेन्सी दिल्या तर त्यांचा आपसातला फरकही काढून देतो, ऑसिलेटरला न विचारता. अन् आकाशवाणीचा मिडियम वेव्ह सिग्नल म्हणजे ५८५ किलोहर्ट्झचा एक मधला दांडा अन् त्याच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या अंतरावर जोडीदार. त्यांचा आपसातला फरक काढला की सरळ बातम्याच निघतात! म्हणून डायल कुठंही असो, नागपूर ऐकू येते. डायल फिरवून जे स्टेशन हलत नाही ते असं मागच्या दारानं आलेलं असते.

रात्री तर अजून कठीण, ७.२ मेगाहर्ट्झच्या वरच परदेशी ब्रॉडकास्टवाले सुरू होतात, मोठमोठे ट्रान्समीटर, हॅमवाल्यांना चिटकून. त्यातले दोन आपसात मिळून तिसरंच भूत उभं करतात. ७२१० अन् ७३०० किलोहर्ट्झवर दोघं जोरात असले तर पहिल्याची दुप्पट वजा दुसरा, ७१२०, तिथं काहीच नसताना कोणी तरी बोलताना ऐकू येईल.

भूत ओळखायचं कसं? ॲन्टेनाला एक किलोओहमचा पॉट, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणासारखा फिरवायचा रेझिस्टर, लावा अन् सिग्नल निम्मा करा. खरा सिग्नल निम्माच होतो. मागच्या दारानं आलेलं नागपूर मात्र चौथाई होते अन् ते ७१२० चं भूत आठवा हिस्सा. म्हणजे पॉट थोडासा कमी केला की भुतं पळतात अन् खरा माणूस उरतो. भाच्यानं पॉट फिरवला अन् नागपूर गेलं, मागं कोणी तरी तमिळमधून सकाळच्या चहाबद्दल बोलत होता. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

पण सिग्नल कमी केला तर लांबचं कसं ऐकू येईल?

हा प्रश्न हमखास येतो. ७ मेगाहर्ट्झवर हवेतच इतकी खरखर असते की रेडिओची स्वतःची खरखर तिच्यापुढं काही नाही. थोडं कमी केलं तर सिग्नल अन् हवेची खरखर दोन्ही सारखेच कमी होतात, ऐकायला काही फरक पडत नाही. ॲन्टेना लावल्यावर खरखर वाढली म्हणजे रेडिओला पुरेसं ऐकू येते. आपल्याकडची सवय उलटी आहे, ऐकू नाही आलं की अजून एक ट्रान्झिस्टर टाक, अजून एक आयसी टाक. त्यानं हूं मोठी होते अन् भुतं मोठी होतात, बाकी काही नाही. वर जो फूट व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर सांगितला त्याचाही गेन कमीच ठेवा, नाहीतर एक भोक बुजवून दुसरं पाडलं.

पॉट हा रोजचा इलाज, खरा इलाज म्हणजे मिक्सरच्या आधी दोन ट्यून केलेल्या सर्किटचं फिल्टर, चाळणीच म्हणा. ५८५ किलोहर्ट्झ त्यातून मिक्सरपर्यंत पोचलंच नाही पाहिजे. २१ मेगाहर्ट्झवरचं स्टेशनही त्यातच अडते, नाहीतर मिक्सर ऑसिलेटरच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीवरचंही ऐकत असतो. ७.२१ वाल्यांना मात्र ही चाळणी अडवू शकत नाही, ते फार जवळ आहेत, त्यांच्यासाठी मिक्सरच तगडा पाहिजे.

तगडा मिक्सर म्हणजे चार डायोडची रिंग, चांगल्या जोरात ऑसिलेटर दिलेला. तिची गंमत बैलजोडीसारखी आहे, दोन्ही बाजू सारख्या ओढत असल्या तर एकीचा वाकडेपणा दुसरी कापते, नागपूरही कटते अन् ऑसिलेटरची गळतीही कटते. एक बैल दमला की गाडी तिरपी. भाच्यानं चारही डायोड वेगवेगळ्या पुडीतले लावले होते. आम्ही पंधरा-वीस १एन४१४८ डायोड मल्टिमीटरवर मोजले, ज्यांचं रीडिंग एकदम जुळते असे चार निवडले, मोजताना चिमट्यानं धरायचे बरं का, बोटाच्या गरमीनं रीडिंग सरकते. दोन मिलिव्होल्टच्या आत चार सापडले. एवढ्या एका गोष्टीनं फरक कानाला कळला.

अन् रिंगच्या पुढं जे काही जोडाल त्यानं सगळ्या फ्रिक्वेन्सीला ५० ओहम दाखवलं पाहिजे, नाहीतर तिथून १४ मेगाहर्ट्झची बेरीज परत फिरून मिक्सरमध्ये घुसते अन् पुन्हा घोळ. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात मुरलं पाहिजे, तोंड बुजलं तर ते मागं फिरून बांध फोडते. किटमध्ये एनई६०२ नावाची चिप असेल तर तिची गळती कमी, ऑसिलेटरही आतच, पण घसा लहान, रात्रीच्या ब्रॉडकास्टपुढं लवकर फाटते. तिच्यासाठी पॉट लागतोच लागतो.

एवढं सगळं करायचं तर सुपरहेटच का नको?

घ्या की, कोण नाही म्हणते. हैदराबादच्या अश्हर फरहान यांचा बिटएक्स नावाचा हॅम सेट सुपरहेटच आहे अन् तो आपल्याच देशात घरी बसून जोडता येईल असा केलेला आहे. डायरेक्ट कन्व्हर्जनची एक खोट तर या सगळ्या इलाजांनीही जात नाही, ऑसिलेटरच्या दोन्ही बाजूंचं एकदम ऐकू येते, खालचं अन् वरचं, एकात एक. ते काढायचं तर दोन मिक्सर, दोघांत पाव फेरीचं अंतर, अन् मग वजाबाकी. तिथं एक अंशाची चूक झाली तरी नको ते स्टेशन ४० डेसिबलच्या, म्हणजे शंभर पटीच्या, आसपासच दबते.

पण चिप बनवणाऱ्यांनी नेमकं हेच निवडलं, कारण सुपरहेटचं ते मधलं फिल्टर चिपच्या आत मावत नाही, बाहेर लावावं लागते, जागा खाते, पैसे खाते. दोन मिक्सर, वजाबाकी, पासंग मोजून काढून टाकणं, हे सगळं चिपमध्ये फुकटात बसते, बैलजोडी कमी-जास्त ओढत असेल तर तेही फोन आतल्या आत जुळवून घेतो. फोनला तर अजून अवघड दुखणं आहे, अनेक बँडवर तो बोलतो अन् ऐकतो एकाच वेळी, म्हणजे त्याचं नागपूर त्याच्या पोटातच आहे.

भाच्याचा सेट आता डब्यात बसला, हूं नाही, नागपूर नाही. एक आवाज मात्र राहिला, सेकंदाला एकदा टक्, टक्, टक्. ऑसिलेटर थांबवला तर जाते, पॉट निम्मा केला तर निम्मंच होते, डायलवर सगळीकडं येते, बॅटरीवरही येते, लाइट गेली तरी येते. दोन दिवस तो त्याच्यामागं लागला होता, कपॅसिटर बदलले, केबल बदलली. मग संध्याकाळी आम्ही शेतावर गेलो तेव्हा बांधाच्या तारेजवळ तेच ऐकू आलं, टक्, टक्. शेजाऱ्यानं रानडुकरासाठी झटका मशीन लावली आहे. त्याला काही बोलायची सोय नाही, गेल्या साली डुकरांनी त्याचा अर्धा हरभरा उकरला होता. हरभरा निघाला की टक्टक् बंद होईल, तोवर सोंगणीपर्यंत असंच ऐकायचं.